मागून आलेली हाक

यतीन चुरी घरात बसून नेमकं काय करतो, हे डहाणूत कुणालाच धड सांगता येत नव्हतं. त्याची आई जयमालाबाई शेजारपाजारी सांगायची, "कंप्युटरच्या आतल्या आतलं काहीतरी असतं त्याचं." याचा परिणाम एवढाच झाला की गल्लीतले बिघडलेले रिमोट, रुसलेले मिक्सर आणि एकदा तर चिकूवाल्याचा वजनकाटा यतीनच्या टेबलावर येऊन पडला. काटा त्याने चुकून दुरुस्त केला, आणि मग तर विचारायलाच नको.

वडील प्रल्हादराव रेल्वेत स्टेशनमास्तर म्हणून निवृत्त झालेले. त्यांना मात्र मुलाचं काम कळलं होतं, पण रेल्वेच्या भाषेत. कुणी विचारलं की ते चष्मा कपाळावर चढवून सुरू व्हायचे. "समजा, नवीन मास्तर बदलून आला. माणूस हुशार, नियम तोंडपाठ. पण या स्टेशनात किल्ल्या कुठे टांगतात, कोणता खटका कोणत्या रुळाचा, फोन कोणता आणि घंटा कोणती, हे त्याला कोण सांगणार? त्याला सगळं लिहून नीट चार्ज द्यावा लागतो. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे तो मास्तर आणि नवीन सर्किट बोर्ड म्हणजे ते स्टेशन. आमचा यतीन चार्ज लिहितो. त्याला म्हणतात बोर्ड सपोर्ट पॅकेज."

विचारणारा हे ऐकून मान डोलवायचा आणि रिमोट टेबलावर ठेवून जायचा.

यतीनची कंपनी पुण्याची. काही वर्षांपूर्वी सगळी दुनिया घरून काम करू लागली तेव्हा तो डहाणूला आला आणि दुनिया परत गेली तरी हा गेला नाही. कारण अगदी साधं होतं. पुण्याच्या खोलीत त्याला भूक लागायची नाही आणि झोप यायची नाही. इथे आईच्या हातचं जेवून, खाडीकडून येणारा वारा खात तो सुखाने जगत होता. हे काही साहेबांना सांगण्यासारखं कारण नव्हतं, म्हणून "फील्डच्या जवळ राहिलं की टेस्टिंग चांगलं होतं," असं तो मोठ्या तोंडाने सांगत आला होता. नशीब असं की या वर्षी फील्ड खरोखरच जवळ निघालं आणि त्याची बोलती बंद व्हायची वेळ आली.

तलासरी तालुक्यात झरीला एका पाड्यावर सौरपंप बसवला होता. पंपाच्या खोलीत एक पेटी, पेटीत कंपनीचा नवाकोरा बोर्ड. रात्री सगळं बंद. सकाळी पत्र्यावरच्या पॅनेलवर ऊन पडलं की बोर्डाने आपणहून जागं व्हायचं, टाकीत पाणी किती आहे ते बघायचं आणि पंप सुरू करायचा. बॅटरी मुद्दामच ठेवली नव्हती, कारण आधीच्या ठिकाणची बॅटरी कुणीतरी उचलून नेली होती. त्या बोर्डाचा चार्ज लिहिला होता यतीनने, आणि डहाणूच्या टेबलावर तो बोर्ड इतका शहाण्यासारखा वागत होता की यतीनने त्याचा फोटो काढून कंपनीच्या ग्रुपवर टाकला होता.

झरीला गेल्यावर मात्र बोर्डाने वेगळंच सोंग घेतलं.

टाकीची देखरेख करणाऱ्या सुकीचा सकाळीच फोन यायचा. सुकीचं घर पंपाला लागूनच होतं आणि पाणी आलं नाही की सगळ्या बायका हंडे घेऊन आधी तिच्याच दारात उभ्या राहायच्या. "दादा, पेटी आजबी निजली," ती सांगायची. "लाल दिवा हाय, पण पंप नाय."

यतीन बॅग उचलून निघायचा. दारातून पाऊल बाहेर पडतंय न पडतंय तोच मागून जयमालाबाईंची हाक यायची, "यतीन, डबा घेतलास का?" डबा त्यांनीच बॅगेत घातलेला असायचा, तरी हाक चुकायची नाही. मग यतीन मोटारसायकलवरून झरी गाठायचा, पेटीबाहेरच्या खटक्याने बोर्ड बंद करायचा, लॅपटॉपची केबल लावायचा आणि बोर्ड पुन्हा चालू करायचा. हा त्याचा ठरलेला रिवाज होता. पूर्वी कधीतरी चालू बोर्डाला केबल लावून त्याने तो जाळला होता, तेव्हापासून आधी बंद, मग केबल, मग चालू, यात बदल नाही. आणि केबल लावून चालू केला की बोर्ड झटक्यात उठायचा, पंप सुरू, टाकीत धो धो पाणी. यतीनच्या नजरेसमोर त्याने कधी चूक केली म्हणून नाही.

"तुमी आलां का हसते, गेलां का रुसते," सुकी म्हणायची. "हिला तुमच्याच घरी ठेवा, दादा. आमी विहिरीवर जातूं."

बायका पदर तोंडाला लावून हसायच्या आणि यतीनही हसायचा, पण परतीच्या वाटेवर तो कारण शोधत राहायचा. त्याचा सगळ्यांवर संशय घेऊन झाला. मेमरीवर घेतला, बोर्डातल्या घड्याळाच्या स्फटिकावर घेतला. मग त्याने सरळ सूर्यालाच धरलं. सकाळचं ऊन हळूहळू चढतं, वीज हळूहळू वाढते आणि बोर्ड अर्धवट झोपेत राहतो, असा एक लांबलचक अहवाल त्याने पुण्याला पाठवला. अहवालात आलेख होते. ते फारच सुंदर होते.

त्यावर नीलम मॅडमचा फोन आला. नीलम मॅडम म्हणजे यतीनच्या साहेब. बाई प्रेमळ, पण बोलणं मोजकं.

"यतीन, सूर्य आपल्याला बदलता येणार नाही," त्या म्हणाल्या. "शुक्रवारी मी स्वतः झरीला येते. पेटीला हात लावायचा नाही, केबल लावायची नाही, तू दहा पावलं लांब उभं राहायचं. बोर्ड आपला आपण उठला पाहिजे. नाही उठला तर तुझी चूक नाही म्हणेन मी, पण मग सोमवारपासून तू पुण्याच्या लॅबमध्ये. इथे चार माणसं आहेत, यंत्रं आहेत. एकट्याने घरी बसून होणारं काम नाही मग हे."

"हो मॅडम," यतीन म्हणाला, आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ समोरच्या पेरूच्या झाडाकडे बघत बसला. त्याला पुण्याची ती खोली आठवली, तिथली डब्यातली गार भाजी आठवली, आणि या वयात रडू येणं बरं दिसत नाही म्हणून त्याने नाक शिंकरलं.

घरात त्याने काही सांगितलं नाही. पण जयमालाबाईंनी त्या दिवशी न विचारता त्याच्या ताटात तळलेल्या बोंबलाचा जादा तुकडा वाढला, यावरून काय ते समजावं.

गुरुवारी सकाळी प्रल्हादराव कोसबाडला निघाले. तिथे त्यांचा एक जुना मित्र राहत होता आणि त्याने पपनसाचं कलम देऊ केलं होतं. आता, चुरींच्या घरात एक नियम होता. घरातून निघताना मागून हाक आली की तसंच पुढे जायचं नाही. परत फिरायचं, चपला काढायच्या, घटकाभर बसायचं, घोटभर पाणी प्यायचं आणि नव्याने निघायचं. नियम जयमालाबाईंचा आणि अगदी कडक. गंमत एवढीच की निघणाऱ्याला मागून हाक मारल्याशिवाय त्यांना राहवायचं नाही. त्यामुळे चुरींकडचं कुणीही एका दमात घराबाहेर पडलंय, असं गल्लीत कुणी पाहिलं नव्हतं.

प्रल्हादराव फाटकापर्यंत गेले.

"अहो, पिशवी घेतलीत का?"

प्रल्हादराव फिरले. चपला काढल्या, झोपाळ्यावर बसले, पाणी प्याले, आणि पिशवी दाखवून निघाले.

"अहो, परतीची बस बघून ठेवा!"

पुन्हा चपला, पुन्हा झोपाळा, पुन्हा पाणी. यतीन टेबलापाशी बसून हे बघत होता. समोर दुसरा बोर्ड मांडलेला, डोळे तारवटलेले. आईबापांचा हा खेळ त्याने जन्मभर पाहिला होता, पण आज त्याला त्याचा राग येत होता. इथे आपली पाठवणी व्हायची वेळ आली आहे आणि यांना पिशवी सुचते आहे, असं त्याला वाटलं.

प्रल्हादराव तिसऱ्यांदा फाटकाशी पोचले आणि तेवढ्यात स्वयंपाकघरात एक ताटली खळकन पडली. रेल्वेच्या भोंग्यांनी प्रल्हादरावांचे कान आधीच थोडे कामातून गेलेले. ते थबकले. वळले. मुकाट्याने येऊन चपला काढून झोपाळ्यावर बसले.

जयमालाबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. "आता काय झालं?"

"तू हाक मारलीस ना?"

"मी? मी कुठे? ताटली पडली."

"मला वाटलं तू बोलावलंस."

"मग जा ना आता."

"आता कसा जाऊ? परत फिरलो ना मी. पाणी आण," प्रल्हादराव म्हणाले आणि शांतपणे झोका घेऊ लागले. बस चुकणार हे त्यांना दिसत होतं, पण त्याचं त्यांना काहीच वाटत नव्हतं. कुणीतरी बोलावलंय अशी त्यांची समजूत झाली होती आणि पुढचा हुकूम येईपर्यंत बसायची त्यांची तयारी होती.

यतीन खुर्चीतून ताडकन उठला. खुर्ची मागे कलंडली.

"बाबा," तो म्हणाला, "असेच बसा! हलू नका!"

"मी कुठे हलतोय?" प्रल्हादराव म्हणाले.

झालं होतं असं. बोर्ड जागा झाला की ऑपरेटिंग सिस्टिमच्या आधी एक छोटा प्रोग्राम उठतो. तो उंबऱ्यावर क्षणभर थांबतो आणि बघतो, बाहेरून कुणी काही कळ दाबतंय का? दाबत असेल तर पुढे जात नाही, हुकमाची वाट बघत तिथेच बसतो. इंजिनिअर लोकांची ती सोय. कुणी काही म्हणत नसेल तर मग तो ऑपरेटिंग सिस्टिमला हाक घालतो आणि काम सुरू होतं. हे यतीनला शाळेतल्या पाढ्यांसारखं पाठ होतं. पण झरीच्या पेटीत त्याने स्वतःच एक शहाणपणा करून ठेवला होता. सारखी पेटी उघडायला नको म्हणून केबल जोडायची वायर त्याने पेटीबाहेर लोंबती ठेवली होती. लॅपटॉप जोडला की ती वायर गप्प बसायची. लॅपटॉप काढला की तिचं टोक मोकळं, आणि शेजारी पंपाच्या मोटरची पेटी ऊन पडताच कुरकुरायला लागायची. ती कुरकुर त्या वायरीत शिरत होती आणि बोर्डाला वाटत होतं की कुणीतरी बोलावलं. मग तो चपला काढून बसून राहत होता. यतीन तिथे जाऊन आधी त्याला बंद करायचा, त्यामुळे बसलेला बोर्ड त्याने कधी पाहिलाच नव्हता.

"आई, मिक्सर आण!" यतीन ओरडला.

"चटणी झाली केव्हाच."

"रिकामा लाव. इथे, टेबलाजवळ."

मुलाला उन्हाचा त्रास झाला असावा, अशा नजरेने जयमालाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं, पण मिक्सर आणला. यतीनने बोर्डाची वायर मोकळी सोडली, मिक्सर घरघरला आणि त्याने बोर्ड चालू केला. पंपाच्या जागी लावलेला छोटा दिवा पेटला नाही. मग यतीनने आपला रिवाज मोडला. बोर्ड बंद न करता, देवाचं नाव घेऊन, त्याने केबल तशीच जोडली. पडद्यावर एकच ओळ होती, आणि तिच्यापुढे एक चौकोन शांतपणे लुकलुकत होता. बोर्ड हुकमाची वाट बघत बसला होता.

यतीनने प्रल्हादरावांना मिठी मारली. पाण्याचा पेला त्यांच्या सदऱ्यावर सांडला.

पुढचं काम सोपं होतं. लोंबती वायर काढून टाकायची हे तर झालंच. पण तेवढ्यावर भागणार नव्हतं. उद्या दुसऱ्या गावात दुसरा कुणी शहाणा पुन्हा वायर सोडेल. म्हणून यतीनने चार्जच बदलला. यापुढे बोर्डाने कुठल्याही खुट्ट आवाजाने थांबायचं नाही. एक ठरलेला शब्द, पुरा, अक्षर न अक्षर आला तरच थांबायचं. असा शब्द, की जो कुरकुरीतून कधी चुकूनही निघणार नाही. शब्द कोणता ठेवावा याचा विचार करायच्या आधी त्याच्या बोटांनी काहीतरी टाइप करून टाकलं. वाचून तो ओशाळला, पण त्याने ते खोडलं नाही.

नवीन प्रोग्राम त्याने नखाएवढ्या मेमरी कार्डावर उतरवला आणि जेवताना तो भलताच खुशीत आला. खुशीत आलं की त्याची जीभ सैल सुटायची.

"आई, झरीच्या पंपाला तुझाच आजार होता," तो म्हणाला. "म्हणजे तू हाका मारतेस आणि बाबा थांबतात ना, तसा. सारखं मागून कुणी टोकलं तर माणूस काय, यंत्रसुद्धा घराबाहेर पडत नाही. पाडाभर लोक पाण्याविना राहिले त्यापायी."

हे बोलून तो भात कालवू लागला. जयमालाबाईंनी भाताच्या पातेल्यावर झाकण ठेवलं. मग त्या म्हणाल्या, "उद्यापासून नाही मारणार हाक."

"बघू," प्रल्हादराव म्हणाले.

"बघाच," जयमालाबाई म्हणाल्या.

शुक्रवारी सकाळी यतीनने बॅग भरली, बूट घातले आणि निघाला. फाटकापर्यंत आला. फाटक उघडलं. मोटारसायकल बाहेर काढली. हेल्मेट डोक्यात घातलं आणि पुन्हा काढलं. काहीतरी राहिल्यासारखं वाटत होतं. त्याने किल्ली फिरवली, पण किक मारायला पाय उठेना. गल्लीत एक कोंबडी चालली होती, समोरच्या घरात रेडिओ लागला होता, सगळं रोजच्यासारखं होतं. फक्त मागून हाक आली नव्हती.

त्याने वळून पाहिलं.

जयमालाबाई दारात उभ्या होत्या. ओठ घट्ट मिटलेले, चेहरा लालबुंद, डोळे मोठ्ठे. उजव्या हाताच्या चिमटीत मेमरी कार्ड धरलेलं आणि तो हात त्या डोक्याच्याही वर उंच करून हलवत होत्या. तोंडातून मात्र चकार शब्द नाही. त्यांच्या मागे प्रल्हादराव झोपाळ्यावर बसून हसत होते.

यतीनने खिसा चाचपला, तो रिकामा होता. ते कार्ड नसतं तर नीलम मॅडमसमोर काय दाखवणार होता तो? रोज निघताना तो काही ना काही विसरायचा. पण हाक यायची, तो परत येऊन बसायचा, पाणी प्यायचा, आणि त्या बसण्यात विसरलेलं सगळं आठवायचं. इतकी वर्षं हे त्याच्या लक्षातच आलं नव्हतं.

तो धावत परत आला. "आई! हाक का नाही मारलीस?"

"मारू का आता?" जयमालाबाई म्हणाल्या. त्यांना धाप लागली होती. "तूच म्हणालास ना, माझ्यामुळे लोक पाण्याविना राहतात? चहाच्या कपाजवळ होतं हे. मी मनातल्या मनात किती ओरडले!"

यतीनला हसू आलं आणि लगेच स्वतःची लाज वाटली. काल जेवताना आपण जे बोललो ते आईला लागलं होतं, हे त्याला आत्ता कळलं. "चुकलो मी," तो म्हणाला. "तू मारत जा हाक."

"आधी बूट काढ," जयमालाबाई म्हणाल्या. "परत फिरलायस. बस. पाणी पी."

यतीन बसला आणि पाणी प्याला.

झरीला नीलम मॅडम त्याच्याआधीच पोचल्या होत्या आणि सुकीच्या अंगणात खाटेवर बसून कोरा चहा पीत होत्या. यतीनने पेटी उघडून लोंबती वायर काढली, कार्ड घातलं, पेटी बंद केली आणि दहा पावलं लांब जाऊन उभा राहिला. पॅनेलवर रात्र करण्यासाठी ताडपत्री पसरली होती. मॅडमनी मान हलवली आणि सुकीने ताडपत्री ओढली. ऊन पॅनेलवर पडलं. पेटीत लाल दिवा लागला. यतीन टाचा उंचावून बघू लागला. तेवढ्यात शेजारच्या मोटरच्या पेटीने नेहमीची कुरकुर सुरू केली आणि त्याला त्या पेटीला लाथ घालावीशी वाटली. मग हिरवा दिवा लागला, पंप गुरगुरला आणि टाकीत पाणी पडल्याचा आवाज आला.

"उठली गं!" सुकी म्हणाली. "दादा लांब उभा हाय तरी उठली."

नीलम मॅडमनी ताडपत्री पुन्हा टाकायला लावली, पुन्हा काढायला लावली. काढलेली वायर पुन्हा जोडून, मोकळी लोंबती ठेवूनही पाहिली. बोर्ड दर वेळी उठला. हंडे भरले, बायका पांगल्या, आणि मॅडमनी लॅपटॉप मागितला.

"छान," त्या म्हणाल्या. "पण आपल्यालाच कधी याला थांबवायचं झालं तर? शब्द काय ठेवलास?"

यतीन कान खाजवू लागला. "मॅडम, तो नंतर बदलू. तात्पुरता आहे."

"सांग तरी."

"डबा घेतलास का," यतीन म्हणाला. "सगळं जोडून. इंग्रजी अक्षरांत."

मॅडमनी त्याच्याकडे पाहिलं. मग त्यांनी लॅपटॉप उघडला. बोर्ड बंद केला, केबल लावली, चालू केला आणि एक एक अक्षर टाइप केलं. बोर्ड उंबऱ्यावर थांबला आणि चौकोन लुकलुकू लागला.

"बदलू नकोस," त्या म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "घेतलायस का?"

यतीनने बॅग उघडली. डबा होता. दोन माणसांचा होता. नीलम मॅडम दोन पोळ्या जास्त जेवल्या आणि निघताना म्हणाल्या, "पुढचे तीन बोर्डही इकडेच लागणार आहेत. तू आहेस तिथेच राहा."

संध्याकाळी यतीन घरी पोचला तेव्हा जयमालाबाई फाटकातच उभ्या होत्या. आत येऊ देण्याआधीच त्यांनी विचारलं, "चाललं का रे?"

"चाललं. सगळं आपलं आपण चाललं."

"कुठे थांबलं नाही ना मध्येच?"

"एकदाच थांबलं."

जयमालाबाईंचा चेहरा उतरला. "कशाने?"

"तू हाक मारलीस म्हणून," यतीन म्हणाला.

"मी?" जयमालाबाई म्हणाल्या. "देवाशपथ, दिवसभर तोंड उघडलं नाही मी. विचार बाबांना."